निशाणी नांगराची, पायरी कोर्टाची

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." ही म्हण ऐकली नाही असा मराठी माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. फ्लॅटचा ताबा दोन वर्षं रखडलाय? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. विमा कंपनीने दावा फेटाळला? शहाण्याने. मिक्सर तिसऱ्यांदा जळला आणि दुकानदार ओळख दाखवत नाही? पुन्हा तेच. आपल्या घरांत ही म्हण सल्ला म्हणून कमी आणि विषय संपवायला जास्त वापरली जाते.

मला मात्र तिच्याबद्दल कुतूहल वाटतं. म्हणी काही आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी पायरी चढला असणार, हात पोळून उतरला असणार, आणि मग पुढच्या चार पिढ्यांना बजावून गेला असणार. ही म्हण नक्की कधीची, ते शोधण्याच्या फंदात मी पडलो नाही. पण ती आपल्या मनात इतकी घट्ट का बसली याचं एक उत्तर पुण्यापासून फार लांब नाही. बारामती तालुक्यातल्या सुपे गावात आहे. (पारनेरजवळचं सुपा वेगळं. तिथे एमआयडीसी आहे. आपलं सुपे म्हणजे जुन्या भीमथडी तालुक्यातलं. तट्टांमुळे भीमथडी हे नाव तुम्ही ऐकलं असेलच.)

१२ मे १८७५. सुप्याचा बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर हल्ला केला. धान्य, कापड लुटलं गेलं, जाळपोळही झाली. पण खरा रोख होता तो वह्यांवर आणि खतांवर, म्हणजे कर्जरोख्यांवर. ते कागद बाहेर काढून त्यांची होळी केली. तिथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत पसरलं. हल्ले झाले ते मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर. शाळेच्या पुस्तकात याला आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून पाच मार्कांसाठी वाचलं आणि विसरलो.

पण नंतर सरकारने नेमलेल्या आयोगाने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे, ती मला फार बोलकी वाटते. सावकाराने खतं आणि हुकूमनामे मुकाट्याने काढून दिले, तर जमाव बहुधा पुढे काही न करता निघून जायचा. मारहाण व्हायची ती कागद द्यायला नकार दिल्यावर. विचार करा, दुष्काळी मुलखातली, कर्जाने पिचलेली, चिडलेली माणसं एखाद्याच्या दारात शेकड्याने उभी आहेत आणि त्यांना हवंय काय, तर कागद!

का बरं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

खतावर शेतकऱ्याची सही नसायची. लिहिता येत नव्हतं. लिहिणारा मोडीत भराभर लिहायचा, खाली शेतकऱ्याचं नाव घालायचा आणि शेतकरी तिथे आपली निशाणी करायचा. ती निशाणी म्हणजे नांगर. जुन्या कागदांवर 'निशाणी नांगराची' असे शब्द आणि शेजारी रेघांनी काढलेला नांगर दिसतो. अंगठा पुढे आला. वर काय लिहिलंय ते निशाणी करणाऱ्याला वाचता येत नव्हतं, आणि खताची नक्कल त्याच्या हाती पडत नव्हती. कागद सावकाराच्या पेटीत. किती फेडले त्याची पावती नाही. हिशेबाची वही सावकाराची, अक्षर सावकाराचं, बेरीजही सावकाराचीच.

तसं पाहिलं तर सावकार पेशवाईतही होताच. मग भांडण इतकं विकोपाला एकोणिसाव्या शतकातच का गेलं? माझ्या मते कारण असं की या काळात सावकाराच्या पाठीशी कोर्ट येऊन उभं राहिलं. पूर्वी गावात वसुली करताना सावकाराला पाटलाकडे, गावाकडे बघून वागावं लागे. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही. नियम सगळेच पाळत होते असं नाही, पण लाज नावाची काहीतरी गोष्ट होती. कंपनी सरकारने १८५५ मध्ये व्याजावरची कायदेशीर मर्यादा काढून टाकली. १८५९ मध्ये दिवाणी कोर्टांची नवी कार्यपद्धती आली. त्याच वर्षी मुदतीचा कायदाही आला: कर्जरोख्यावर दावा लावायची मुदत तीन वर्षं.

हा मुदतीचा कायदा म्हणजे हेतू आणि परिणाम यांची कशी फारकत होते याचा उत्तम नमुना आहे. हेतू चांगला होता. जुनं कर्ज वर्षानुवर्षं व्याजाने फुगत राहू नये, तीन वर्षांत काय तो सोक्षमोक्ष लागावा. झालं काय? तीन वर्षं संपत आली की सावकार शेतकऱ्याला बोलवायचा, थकलेलं मुद्दल अधिक थकलेलं व्याज मिळून नवं मुद्दल धरायचा आणि नवं खत लिहून घ्यायचा. पुन्हा नांगर. तीन वर्षांनी परत. म्हणजे व्याजावर व्याज चढवायचं वेळापत्रकच जणू कायद्याने आखून दिलं.

आणि मग कोर्ट. दावा लागायचा तालुक्याच्या किंवा त्याहून लांबच्या गावी. समन्स पोचलं तर पोचलं. पोचलं तरी पेरणी-काढणी टाकून, पदरचा खर्च करून, तिथे जाऊन सांगायचं काय? न्यायाधीश विचारणार, "ही निशाणी तुझी का?" तो म्हणणार, "व्हय." संपलं! त्या काळातले दावे मोठ्या संख्येने एकतर्फी निकाली निघाले, त्यात नवल नाही. न्यायाधीश वाईट होते असं मी म्हणत नाही. ते कायद्याप्रमाणेच चालत होते. कायदा म्हणत होता की कागद खरा आहे की नाही एवढं बघा. कागदामागे काय घडलं हे बघायची सोय नव्हती. मग हुकूमनामा, मग जप्ती, आणि पैसे नसतील तर दिवाणी तुरुंग.

याच्या जोडीला निसर्ग आणि बाजार. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, कापसाचे भाव कडाडले, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव पडले, उसनवारी आटली. त्यातच १८६७ पासून या तालुक्यांत जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा कितीतरी वाढला. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. कोणी त्यांच्याकडे कामाला जाईना, पाणी भरीना, हजामत करीना. पाच महिन्यांनी सुपे पेटलं.

म्हणजे सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांचा कायदेशीर सल्लागार कोणी नसला तरी त्यांना आपल्या खटल्याची नस अचूक सापडली होती. कोर्ट फक्त कागद बघतं ना? मग कागदच नको! दंगा समर्थनीय होता का, हा वेगळा प्रश्न. मला त्यातलं तर्कशास्त्र महत्त्वाचं वाटतं. पायरी चढायची सोय नसली की माणूस पायरीच उखडायला निघतो.

सरकार हादरलं, १८५७ विसरण्याइतकं जुनं झालं नव्हतं. आयोग बसला, अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये 'डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट' झाला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. नाव कंटाळवाणं आहे, पण या कायद्यातल्या तरतुदी एकेक करून वाचल्या की दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस आपल्याशीच बोलतोय असं वाटतं. थोड्या सांगतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी: न्यायाधीशाने नुसतं खत बघून निकाल द्यायचा नाही. व्यवहाराच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे जायचं, मूळ रक्कम किती, फेडले किती, व्याज कसं चढलं हे खणून काढायचं. शेतकऱ्याने निशाणी कबूल केली असली तरीही! दुसरी: खत गावच्या निबंधकापुढेच लिहायचं, म्हणजे सरकारी माणसासमोर. तिसरी: पैसे दिले की शेतकऱ्याला लेखी पावती मिळण्याचा हक्क. वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क, स्वतःकडे ठेवायच्या पुस्तकात नोंद करून घेण्याचा हक्क. चौथी: कर्जाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही, आणि रकमेचे हप्ते पाडून द्यायचा अधिकार कोर्टाला. पाचवी: दावा लावण्याआधी सलोखा करणाऱ्या पंचाकडे जायचं, त्याचा दाखला असल्याशिवाय दावा नाही. सहावी: किरकोळ रकमेच्या दाव्यांत वकिलांना मज्जाव.

न्यायमूर्ती रानडे या कायद्याखाली खास न्यायाधीश होते. गावोगावची कोर्टं तपासत त्यांनी हे काम केलं. आपल्याला रानडे आठवतात ते प्रार्थना समाज आणि सामाजिक परिषदेमुळे, पण शेतकऱ्याच्या खताची पहिल्या दिवसापासून उजळणी करायची हे रूक्ष काम त्यांनी केलं, ही गोष्ट मला तितकीच मोठी वाटते. त्यांच्याच बरोबरीचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी त्याच दशकात पुण्यात सार्वजनिक सभेच्या मार्फत लवाद कोर्टं चालवली. दोन्ही बाजू राजी असतील तर कोर्टाबाहेर, स्वस्तात, आपल्या भाषेत निवाडा. कोर्टाची पायरी उंच आहे हे त्या पिढीने ओळखलं होतं, आणि नुसती म्हण ऐकवून ती गप्प बसली नाही.

कायद्याने सगळं आलबेल झालं का? छे. सावकार हुशार. खताला संरक्षण आलं म्हटल्यावर त्यांनी खत लिहून घेणंच कमी केलं आणि सरळ जमिनीचं खरेदीखत करून घ्यायला लागले. "पैसे फेडलेस की जमीन परत लिहून देतो" हे फक्त तोंडी. कागदावर कर्ज नाहीच, विक्री आहे! मग कायद्यात आणखी सुधारणा, मग आणखी पळवाटा. हा खेळ संपलेला नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला अधिकार आहे की खरेदीखत म्हणून दाखवलेला व्यवहार मुळात सावकारीच्या कर्जाचा होता का हे तपासायचं, आणि तसं असेल तर जमीन परत करवायची. १८७९ ची कल्पना अजून कामावर आहे असं म्हणा ना.

कराराच्या सर्वसाधारण कायद्यानेही यातून काही उचललं. १८७२ च्या करार कायद्याची मूळ धारणा अशी की करार करणारी दोन माणसं बरोबरीची, जाणती आणि स्वतंत्र. सुप्याचा शेतकरी आणि त्याचा सावकार बरोबरीचे? १८९९ मध्ये या कायद्याचं सोळावं कलम सुधारलं. एक बाजू दुसरीच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असेल आणि व्यवहार वरवर पाहताही अन्यायाचा दिसत असेल, तर दडपण आणलं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी वर्चस्व असलेल्या बाजूवर. हे कलम आजही तसंच आहे.

आता मी पन्नास-साठ वर्षांची उडी मारतो. विसाव्या शतकात आपल्यातले बरेचजण शेतकरी राहिले नाहीत, पगारदार झाले. समोरचा सावकार जाऊन दुकानदार, कारखानदार, बिल्डर, बँक आली. तुलनेत आपण सुशिक्षित. पण १९३० च्या माल विक्री कायद्यामागे जुनं इंग्रजी तत्त्व होतंच: घेणाऱ्याने बघून घ्यावं. काही अपवाद होते, पण ते वापरायचे तर दिवाणी दावा करा, कोर्ट फी भरा, वकील द्या, तारखा घ्या. दीडशे रुपयांच्या पंख्यासाठी कोण करणार? म्हणजे सुशिक्षित मध्यमवर्गही निशाणी नांगराचीच करत होता म्हणायला हरकत नाही, फक्त फाउंटन पेनने. :)

यावर पहिला आवाज उठवला तो बायकांनी. १९६६ मध्ये मुंबईत काही गृहिणींनी 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' सुरू केली. भेसळ, वजनमाप, फसव्या जाहिराती, असले 'किरकोळ' विषय. बाहत्तर-त्र्याहत्तरच्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायका तुमच्यापैकी काहींच्या आया-आज्या असतील. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. बाबूजी, म्हणजे गीतरामायणवाले सुधीर फडके, त्या आरंभीच्या मंडळींत होते. पंचायतीची ती महिन्याची यादी, इमारतीतल्या दहा-बारा घरांचा संघ, एकाच्या घरी येऊन पडलेल्या गोण्या आणि सगळ्यांनी मिळून केलेलं वाटप, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको. आमच्या घरी ती यादी भरणं हा आईचा महिन्याचा सोहळा असायचा.

एकेकटा ग्राहक दुबळा, पण दहा घरं मिळून घाऊक खरेदीदार होतात, ही साधी गोष्ट या लोकांनी आधी व्यवहारात करून दाखवली. कायदा नंतर आला. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो.

या कायद्याची रचना बघा आणि १८७९ आठवा. दिवाणी कोर्टापासून वेगळी, तीन पायऱ्यांची व्यवस्था: जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग. सुरुवातीला जिल्ह्याची मर्यादा एक लाख रुपये. कोर्ट फी नाही. वकील देण्याची सक्ती नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या शब्दांत तक्रार. निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा असा दंडक. आणि मुख्य म्हणजे पावतीवर काय छापलंय एवढंच न बघता सेवेत कमतरता होती का, व्यवहाराची रीत अनुचित होती का, हे बघायचं. आयोगावरच्या इंग्रज साहेबांना हे ओळखीचं वाटलं असतं.

आमच्या आत्याची गोष्ट सांगतो. (आत्या हे वाचते, त्यामुळे रक्कम सांगत नाही.) नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिने एका सहल कंपनीकडे चारधामचं बुकिंग केलं. कंपनीने तारखा बदलल्या, मग दोन ठिकाणं गाळली. आत्याने पैसे परत मागितले. काउंटरवरच्या मुलाने पावती उलटी करून दाखवली. मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलं होतं की कोणत्याही कारणाने रक्कम परत मिळणार नाही. घरात सगळ्यांनी म्हण ऐकवली. आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, तिला म्हणी मुलांना शिकवायची सवय, ऐकायची नव्हे. तिने फुलस्केप कागदावर मराठीत तक्रार लिहिली, पावती, जाहिरातीचं कात्रण आणि पाठवलेल्या पत्रांच्या पोचपावत्या जोडल्या आणि जिल्हा मंचात स्वतः उभी राहिली. तीन महिने नाही, दीड वर्ष लागलं. पैसे व्याजासकट मिळाले, वर थोडी नुकसानभरपाई. मंचाने मागच्या बाजूच्या छापील ओळीला भीक घातली नाही. आत्याचं म्हणणं एवढंच: "मी जिंकले नाही रे, माझी फाइल जिंकली."

ते खरं आहे, पण तिच्या फाइलकडे बघायला तयार असलेलं कोणीतरी समोर होतं, तेही तितकंच खरं.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचं अंगण मोठं केलं. १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं की घरं बांधून देणारी सरकारी संस्थाही सेवाच देते, तिलाही हा कायदा लागू. आणि अधिकाऱ्यांनी नागरिकाला विनाकारण छळलं असेल, तर भरपाईची रक्कम शेवटी त्या जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करा. १९९५ मध्ये पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्यात आली. पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो २०१९ चा गुरुग्राममधल्या एका गृहप्रकल्पाचा निकाल. त्या करारात अशी गंमत होती की खरेदीदाराचा हप्ता चुकला तर त्याने १८ टक्के व्याज द्यायचं, आणि बिल्डरने ताबा द्यायला उशीर केला तर त्याने मात्र ९ टक्के, तेही बरीच सवलतीची मुदत उलटल्यावर. खाली सही होती. खरेदीदार शिकलेला होता. तरीही न्यायालयाने म्हटलं की अशी एकतर्फी कलमं खरेदीदारावर बंधनकारक नाहीत. ज्याला सही करण्यावाचून पर्यायच नव्हता, त्याची सही म्हणजे संमती नव्हे. २०१६ च्या रेरा कायद्याने तर व्याजाचा दर दोन्ही बाजूंना सारखाच ठरवून टाकला.

त्याच वर्षी, २०१९ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा नव्याने लिहिला गेला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात 'अनुचित करार' ही स्वतंत्र कल्पना आली. अवाच्या सवा अनामत, नुकसानीच्या मानाने भलताच दंड, एकतर्फी करार मोडण्याचा हक्क, आणि नियमाप्रमाणे दंड भरूनसुद्धा कर्ज मुदतीआधी फेडून न घेणं, हे सगळं त्यात बसतं. शेवटचं वाचून मला थेट भीमथडी आठवली. मात्र करारच अनुचित आहे ही तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, त्यासाठी राज्य किंवा राष्ट्रीय आयोगात जावं लागतं, हे लक्षात असू द्या.

नातेवाइकांपैकी काहीजण इथपर्यंत आले असतील ते "मग आम्ही करायचं काय?" हे विचारायला. तर थोडक्यात. आधी समोरच्याला लेखी कळवा, पोच ठेवा. फोनवर भांडून पुरावा होत नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळ भांडणं तिथेच मिटतात. न मिटल्यास ग्राहक आयोग: जिल्ह्याला ५० लाखांपर्यंत, राज्याला २ कोटींपर्यंत, त्यापुढे राष्ट्रीय. मोजायची ती आपण दिलेली किंमत. पाच लाखांपर्यंत फी नाही. तक्रार आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते, ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरही. मुदत दोन वर्षं. ती गेली की कारण द्यावं लागतं. बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, विम्यासाठी विमा लोकपाल, दोन्ही फुकट, फक्त आधी त्या संस्थेकडे तक्रार करून उत्तराची वाट पाहिलेली हवी. फ्लॅटसाठी महारेरा, तिथे २०१८ पासून सलोखा मंचही आहे, ज्यात ग्राहक संघटनांचे लोक बसतात. (१८७९ चे सलोख्याचे पंच पुन्हा भेटले!) आणि धंद्यासाठी घेतलेला माल किंवा दोन व्यक्तींमधला उसनवारीचा व्यवहार असेल, तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी कोर्टच. त्याची मुदत साधारण तीन वर्षं. हो, तीच तीन वर्षं. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. बायकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, उत्पन्न कितीही असो. हे फार कमी जणींना ठाऊक असतं.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की मग म्हण खोटी ठरली. तसं नाही. तीन महिन्यांचा दंडक कागदावर राहतो, रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, कंपनीचे वकील तारखा घेतात, वर अपील करतात. आयोगात वकील नको म्हणून सोय केली, पण समोर कंपनीचा वकील उभा असतो आणि आपण एकटे. उशिराने मिळणारा न्याय हळूहळू त्या जुन्या म्हणीला पुन्हा खरं करत नेतो. पायऱ्या कमी केल्या म्हणून जिना सोपा होतोच असं नाही. वर कोणी बसलेलं असावं लागतं.

पण दीडशे वर्षांचा हा हिशेब मांडल्यावर मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. सामान्य माणसाला दरवेळी दोनच गोष्टींनी हात दिला. एक, कागदाच्या मागे बघायला तयार असलेला न्यायाधीश. दोन, माणसाच्या स्वतःच्या हातात असलेली नक्कल. पहिली गोष्ट मिळवायला दंगा लागला, आयोग लागला, रानडे आणि बिंदुमाधव लागले. दुसरी आपल्याकडे आयती आली आहे आणि ती आपण मजेत फेकून देतो. पावती कचऱ्यात, वॉरंटी कार्ड कोरं, करारनाम्याची प्रत 'एजंटकडे असेल'. आणि मोबाइलवर चाळीस पानांच्या अटी न वाचता खाली 'मान्य आहे' वर अंगठा दाबून आपण मोकळे. सुप्याच्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. आपल्याला येतं, इतकाच फरक.

असो. लेख लांबला, नेहमीप्रमाणे. तुमच्यापैकी कोणाच्या गावाकडच्या पेटीत, माळ्यावर, जुनी मोडीतली खतं असतील तर फेकू नका. कोणाकडून तरी वाचून घ्या. एखाद्यावर कोपऱ्यात रेघांनी काढलेला नांगर दिसेल. तो काढणारा आपलाच खापरपणजोबा असेल. किंवा काढून घेणारा. तेही शक्य आहे. मला मात्र फोटो नक्की पाठवा.